दिसलं न्हाई, एवढंच

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम एखादी गोष्ट नाही असं ठामपणे कधीच सांगत नसत. कुणी दारातून डोकावून विचारलं, प्राचार्य आलेत का, तर म्हणायच्या, "मला दिसले न्हाईत." चहात साखर नाही का, असं विचारलं तर, "मला तरी लागली न्हाई." एकदा बँकेत काउंटरवरच्या बाईनं सहज विचारलं, मॅडम, तुमचं दुसरीकडं कुठं खातं नाही ना? यांचं उत्तर, "आठवत न्हाई. पण न्हाईच असं मी म्हणणार न्हाई." ती बाई घाबरून साहेबाला बोलवायला गेली. मी रांगेत मागंच उभा होतो, मला हसावं की पळून जावं ते कळेना. आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका नव्या प्राध्यापकाच्या बायकोनं, बिचारीला काय ठाऊक, तुमचं लग्न नाही का झालं, असं विचारलं तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अजून तरी नोंद न्हाई."

मी त्या कॉलेजात खेळाचा शिक्षक. चाकूर तालुक्यातलं कॉलेज, मागं मैदान, मैदानाच्या मागं नुसता माळ. माझा आणि प्राणिशास्त्राचा संबंध म्हणजे लहानपणी उदगीरला आमच्या घरी बकऱ्या होत्या एवढाच. पण मॅडमकडं एक जुनी व्हॅन होती आणि त्यांना ती चालवता येत नव्हती. म्हणजे त्यांच्या भाषेत, अजून चालवून बघितली नव्हती. ड्रायव्हर ठेवला की तो चार-सहा महिन्यांत पळायचा. मग एक दिवस त्या मैदानावर आल्या, माझ्या शिट्टीकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचा सकाळचा तास संपला की माझ्याबरोबर माळावर येता का?" एकदा जाऊन येऊ म्हणून गेलो आणि त्या रिटायर होईपर्यंत जातच राहिलो. आमच्या घरात रोज थट्टा व्हायची. बायको डबा देताना विचारायची, आज लांडगा का कोल्हा?

काम काय होतं, तर माळावर कॅमेरे लावायचे. विटेएवढी हिरवट पेटी. समोरून ऊन अंगाचं काही हललं की ती आपोआप फोटो काढते, उजेड कमी असला की काळापांढरा. आमच्या माळावर धड झाड नाही, म्हणून लोखंडी पहारी ठोकून त्यांना गुडघ्याच्या उंचीवर पेट्या बांधायच्या. काही दिवसांनी जाऊन कार्ड काढायचं, दुसरं घालायचं. ते फोटो कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उतरवले की मॅडम एकेक बघत बसायच्या. बहुतेक फोटोंत वाऱ्यानं हललेलं गवत. मग शेळ्या. मग एखादी देवणी गाय, पेटीला नाक लावून. मधूनच खोकड, रानमांजर, साळिंदर, रोही म्हणजे नीलगाय. लांडगा आला तर मॅडम खुर्ची मागं सरकवायच्या आणि मला मैदानावरून बोलावणं यायचं.

मी एकदा वैतागून विचारलं की हे सगळं कशासाठी? वाघ ना सिंह, आपल्या माळावर आहे काय? त्या म्हणाल्या, "सर, माळाच्या या कडंला ऊस आला, त्या कडंला सोलरच्या काचा आल्या, मधी खडी काढून राहिलेत. जनावर गेल्यावर सगळ्यांनाच कळतं. मला ते जाताना बघायचं हाय." त्यांनी मग मला एक फोटो दाखवला. सोलरची तारेची जाळी, तिच्या बाहेर एक लांडगीण, आत काचांच्या सावलीत कुत्री झोपलेली. कुत्र्यांचे फोटो दरवर्षी वाढतायत, एवढं सांगून त्या पुढच्या गवताकडं वळल्या.

त्यांचा एक नियम होता. माणसाचा फोटो आला की पुसायचा. माळावर सकाळी लोक पाण्याची बाटली घेऊन जातात, कुणी कुणाला भेटायला जातं, कुणी गौण खनिजाचं ट्रॅक्टर नेतं. हे आपलं काम न्हाई, म्हणून त्या तो फोटो नीट बघायच्याही नाहीत. माळापलीकडच्या वाडीत जाऊन त्यांनी तसा शब्द दिला होता. म्हणूनच त्या पेट्या टिकल्या, नाहीतर पहारीसकट भंगारात गेल्या असत्या. वाडीतल्या कुण्या म्हातारीनं तर एका पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं, त्या कार्डावरचे सगळे फोटो पिवळे. मॅडम रागावल्या नाहीत. रुमालानं काच पुसली आणि म्हणाल्या, कपाळावर लावलं असतं तरी चाललं असतं, नेमकं डोळ्यातच.

आता खरी गोष्ट. कॅमेरा लावला की तो बरोबर लागलाय का ते तपासावं लागतं. माणूस समोरून चालून गेला तर उपयोग नाही, कारण खोकड काही माणसाएवढं उंच नसतं. मग त्याच्या उंचीवरून, हातापायांवर रांगत पेटीसमोरून जायचं आणि लाल दिवा लुकलुकतो का ते बघायचं. हे रांगणं मॅडम स्वतः करायच्या. मी म्हणालो होतो, मी करतो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही रोह्याच्या मापाचे. मला खोकड पाहिजे." पण रांगायच्या आधी त्या मला नेहमी सांगायच्या, "सर, तिकडं बघा." मी पाठ करून उभा राहायचो. मागून खडे सरकल्याचा, बांगडी वाजल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळानं "झालं" म्हणायच्या आणि मी वळायचो तेव्हा त्या साडी झटकून ताठ उभ्या असायच्या.

ताठ हा शब्द मी उगाच वापरला नाही. मॅडम कुणासमोर वाकायच्याच नाहीत. वर्गात खडू पडला तर तो तिथंच राहायचा, दुसरा घ्यायच्या. सत्कारात पाहुणा बुटका असला तर त्यानं टाचा उंच करून हार घालायचा. सुरुवातीला मला ही मिजास वाटली. मग एकदा लातूर रोड स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला गेलो होतो. त्या दर शनिवारी मुदखेडला घरी जायच्या. गाडीला उशीर होता, तेव्हा रुळाकडं बघत त्यांनी सांगितलं. वडील रेल्वेत गँगमन, उभा जन्म रुळावर वाकून हातोडा मारण्यात गेला. पहिल्या पिढीत दीक्षा घेतलेलं घर. आजा गावात कुणापुढं मान वर करत नव्हता म्हणे. मॅडम पहिल्या नंबरानं मॅट्रिक झाल्या तेव्हा वडिलांनी पेढा दिला आणि एकच गोष्ट सांगितली, की आम्ही वाकलो ते बास झालं, तू कुणापुढं वाकायचं न्हाई. त्यांनी ते अक्षरशः घेतलं. प्राणिशास्त्रवाल्यांना सगळं अक्षरशः घ्यायची सवयच असते.

एका हिवाळ्यात थंडी कडक होती. मॅडमनी नांदेडहून एक शाल आणली होती, भगव्या-तपकिरी रंगावर काळे ठिपके. मी तिला नावंही ठेवली. ती अंगावर घेऊन त्यांनी एका पहाटे, अजून नीट दिसतही नव्हतं, वाडीच्या पायवाटेजवळचा कॅमेरा लावला आणि मी नेहमीप्रमाणे पाठ करून उभा राहिलो. काही दिवसांनी कार्ड आलं. ऑफिसातला क्लार्क ते कॉम्प्युटरवर उतरवत होता. त्याला एक फोटो दिसला. काळापांढरा, हललेला, ठिपक्याठिपक्यांची लांबडी पाठ, मागं शेपटी. डोकं चौकटीच्या बाहेर. त्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला, आपल्या माळावर काय हाय बघा म्हणून. त्यात बदमाशी नव्हती, त्याला खरंच बिबट्या वाटला. दुपारपर्यंत तो फोटो चाकूरभर, संध्याकाळपर्यंत पार देवणी तालुक्यापर्यंत जाऊन आला.

वाडी हादरली. पिकाला पाणी द्यायला कुणी जाईना, शेळ्या घरात. पिंजरा लावा म्हणून लोक अर्ज घेऊन हिंडायला लागले. आणि वाडीच्या पोरी कॉलेजला यायच्या थांबल्या. त्या पोरी पायवाटेनं माळ ओलांडून फाट्यावर येतात आणि तिथून एसटी धरतात. दुसरा रस्ता नाही. त्यातली प्रतीक्षा मॅडमच्या वर्गातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ही पोरगी नुसत्या शेपटीच्या टोकावरून कोल्हा का खोकड ते सांगायची. मॅडम कुणाचं कौतुक करत नसत, पण हिच्यासाठी त्यांनी आपल्या शेजारी एक खुर्ची ठेवून घेतली होती. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती आणि ती खुर्ची रिकामी राहायला लागली.

वाडीनं मॅडमना बोलावलं. शाळेच्या ओट्यावर सगळे जमले होते. सरपंचानं विचारलं, तुमचे कॅमेरे हायेत, तुम्हीच सांगा, बिबट्या हाय का न्हाई? मी मनातल्या मनात म्हणत होतो, मॅडम, आज एकदाच म्हणा. जन्मात एकदा. पण त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपर्यंत कॅमेऱ्याला बिबट्या दिसलेला न्हाई. पण कॅमेरा एका जागी असतो अन् जनावर माळभर असतं. न्हाईच असं मी म्हणत न्हाई." झालं. बायांनी पदर तोंडाला लावले. प्रतीक्षाचा बाप मागच्या भिंतीला टेकून होता, कमी बोलणारा, शेळ्या राखणारा माणूस. तो म्हणाला, "मॅडमच न्हाई म्हणंनात, मग मी पोरगी कशी धाडू?"

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा तो फोटो मागितला. तोवर त्यांनी बघितलाच नव्हता. लोकांनी पाठवलेल्या फोटोंवर त्यांचा विश्वास नसायचा. एकानं मोबाइल पुढं केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ धरला, मग परत दिला आणि मला म्हणाल्या, चला सर. व्हॅन फाट्याला लागली. मग म्हणाल्या, "ती शाल माझी हाय."

मी इतका हसलो की गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वाडीला गेल्या आणि सरळ सांगितलं, फोटोत मी आहे. कुणी मानलंच नाही. मानणार तरी कसं? कॉलेजातली मॅडम, जी पडलेला खडू उचलत नाही, ती माळावर चार पायांवर रांगते? सरपंच फार सभ्यपणे म्हणाले, मॅडम, तुमचा जनावरांवर जीव हाय ते आम्हाला ठाव हाय, पण त्याला वाचवायला असं काहीबाही सांगू नगा. पुढचा फोटो दाखवा म्हणावं तर तो नव्हता. त्यात त्यांचं तोंड आलं होतं, म्हणजे माणसाचा फोटो. नियमाप्रमाणे त्यांनी तो आणि त्याच्या मागचेपुढचे फोटो, नीट न बघताच, कॉम्प्युटरवरून स्वतःच पुसले होते. क्लार्कच्या मोबाइलवर तेवढी पाठ उरली.

त्या आठवड्यात प्रतीक्षाचा फोन आला. मी तिथंच बसलो होतो. तिकडून ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, मॅडम नुसतं हं, हं करत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, तिच्या घरी पाव्हणे येऊन राहिलेत, पोरगी घरीच हाय तर बघून घ्या, असं चाललंय. मी म्हटलं, मॅडम, एकच मार्ग आहे आणि तो तुम्हालाही माहीत आहे. त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ खिडकीतून मैदानाकडं बघत बसल्या. मी मुदखेडच्या त्या गँगमनला कधी बघितलं नाही, पण तो त्या खोलीत आमच्याबरोबर बसलाय असं मला वाटत होतं. अशा वेळी बाहेरच्या माणसानं सल्ला देऊ नये. शेवटी त्या म्हणाल्या, "मला कुणी वाकवलं तर ते वाकणं. मी माझ्या कामासाठी वाकले तर ते काय?" प्रश्न मला नव्हता. "मला अजून कळलं न्हाई," असं त्यांनीच उत्तर दिलं आणि तासाला गेल्या.

त्या शनिवारी त्या मुदखेडला गेल्या नाहीत. रविवारी तांबडं फुटायच्या आत आम्ही वाडीच्या पायवाटेवर होतो. आदल्या दिवशी निरोप दिला होता, त्यामुळं निम्मी वाडी घोंगड्या-स्वेटरांत गुंडाळून आलेली, पोरं बापांच्या खांद्यावर. मी तीच पहार त्याच खड्ड्यात ठोकली, पेटी बांधली आणि सवयीनं पाठ करून उभा राहिलो.

"सर, आज बघा," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदार पाहिजे."

त्यांनी चप्पल काढली. शाल पाठीवर घेतली, एक टोक मागं सोडलं. मग सगळ्या वाडीसमोर खाली बसल्या, हात टेकले आणि चालायला लागल्या. मी इतकी वर्षं फक्त आवाज ऐकला होता. बघायला ते फार वेगळं होतं. माळाचा मुरूम, मधी कुसळं, साडी गुडघ्यात अडकत होती. पंचावन्न ओलांडलेली बाई. त्या घाई करत नव्हत्या. खोकड जसं थांबत थांबत जातं तसं मध्येच थांबून, मान वळवून, पुन्हा पुढं. लाल दिवा लुकलुकला, त्या पार झाल्या आणि तिथंच खाली बसून राहिल्या. उठता येत नव्हतं की उठायचं नव्हतं, मला कळलं नाही.

मी कार्ड काढलं, व्हॅनच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला. शेजारी सरपंचाचा मोबाइल. तीच पाठ, तेच ठिपके, तीच शेपटी. मग एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ही तर मास्तरीण," आणि हशा उसळला. लोक लॅपटॉपकडं बघायचे, खाली बसलेल्या मॅडमकडं बघायचे आणि पुन्हा हसायचे. कुणी मोबाइल काढून शूटिंग करत होतं. दुष्टपणानं कुणी हसत नव्हतं. इतक्या दिवसांची भीती होती, ती तोंडावाटे बाहेर पडत होती. पण मला तो हशा सहन होत नव्हता. खरं सांगतो, एकेकाला मैदानाला फेऱ्या मारायला लावाव्यात असं वाटत होतं. मॅडम पायातली कुसळं काढत होत्या, एकेक.

प्रतीक्षाचा बाप हसला नव्हता. त्यानं लॅपटॉपही बघितला नव्हता. तो घोळक्यातून निघाला, मॅडमच्या समोर गेला आणि उभं राहून त्यांच्याशी कसं बोलावं ते त्याला कळेना, म्हणून तोही खाली बसला, उकिडवा.

"मॅडम," तो म्हणाला, "बिबट्याला मी भेलो हे खरं हाय. पण बिबट्या यायच्या आधीपासून घरात स्थळाचं चाललं होतं. आयतं कारण गावलं होतं मला." मग म्हणाला, "आता माझ्याकडं कारण उरलं न्हाई."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं हात पुढं केला होता, तो त्यांनी घेतला आणि उठल्या.

सोमवारी मी सकाळची कवायत सोडून गेटजवळ रेंगाळत होतो. मॅडम तिथं आधीच उभ्या होत्या, मला बघून म्हणाल्या, सर, तुमचा तास न्हाई का? एसटी आली. वाडीच्या पोरी खिदळत उतरल्या, त्यांनी तो व्हिडिओ बघितलेलाच होता, मॅडमना बघून गपकन गप्प झाल्या आणि खाली मान घालून आत पळाल्या. प्रतीक्षा सगळ्यांत शेवटी उतरली. ती पळाली नाही. समोर येऊन उभी राहिली, मॅडमच्या साडीकडं बघत राहिली आणि मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, गुडघ्याला लागलं का हो?"

मला वाटलं, त्या म्हणतील, बघितलं नाही अजून.

"हाव," मॅडम म्हणाल्या. "लई लागलं."